खंडूमामांचं ‘आ कर’

पुंडलिकनगरात आमच्या शेजारी राहणारे खंडूमामा माणसाचा चेहरा बघत नाहीत, दात बघतात. त्यांची अर्धी हयात पडेगावाकडं मेंढरं राखण्यात गेली. बाजारात मेंढीचं वय तिच्या दातांवरून ठरतं. मेंढरं विकून मामा शहरात आले, पण सवय काही विकली गेली नाही. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही, त्याच्या हातात पोह्यांची बशी असताना, मामा म्हणाले, ‘पाव्हणं, जरा आ करा.’ बिचाऱ्यानं केला. ‘जुळलाय. समदे दात आल्यात. लई बेस!’ मामांनी निकाल दिला. आमचे जावई अजून त्यांच्यासमोर तोंड मिटून हसतात.

अशा माणसाचा स्वतःचा जबडा सुजला, तर गडी तोंड उघडायला तयार नाही! शेवटी मीच त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. एक्स-रेत दिसलं, अक्कलदाढ हाडात आडवी अडकलीय आणि तिच्याभोवती पाण्याची पिशवी वाढून हाड आतून पोकळ होत चाललंय.

‘कुणाच्या तोंडाचा फोटू हाय ह्यो?’ मामा उखडले. ‘माझं तोंड कवाच जुळलं. मेंढराला असा दडून बसलेला दात नसतोय.’

‘मामा, तुम्ही मेंढरू नाही,’ मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. दाढ आणि पिशवी दोन्ही काढायची, पिशवी तपासायला पाठवायची; उशीर केला तर जबडा साध्या धक्क्यानंही मोडेल, असं त्यांनी सांगितलं. ओठ काही दिवस बधिर राहील, क्वचित कायमचाही.

‘मग नाय,’ म्हणत मामा उठलेच.

भित्रे म्हणून मी त्यांना वाटभर चिडवलं. घराच्या दारात मामी उभ्या होत्या. मामींचे कान पार गेलेत. मामा त्यांच्यासमोर उभे राहून सावकाश ओठ हलवतात आणि मामी ते वाचतात.

‘ओठच मेला तर हिच्याशी बोलायचं कुणी?’ मामा मला हळूच म्हणाले.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. बधिरपणा आला तरी ओठ हलायचा थांबत नाही, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्या शब्दावर मामा तयार झाले.

ऑपरेशन नीट पार पडलं. मामांचा गाल फुगलेला, दाताखाली कापसाचा बोळा. मामी खाटेशी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मामांनी आवाज न काढता ओठ हलवले, ‘जेवलीस का?’ आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. ओठ हलला की नाही, हे त्यांना स्वतःला कळतच नव्हतं.

‘व्हय,’ मामी म्हणाल्या, ‘जेवले की.’