आधी धुणं, मग गूळ

गेल्या जानेवारीत एका सोमवारी सकाळी तलवाड्याजवळच्या एका वस्तीवर बशीरभाई शेख यांना दुसऱ्याच्या दोरीवरचं धोतर हुंगताना धरण्यात आलं. धोतर वस्तीवरच्या कोंडिबाआबांचं होतं. आबांची सून काठी घेऊन बाहेर आली.

"म्हातारपणी धोतरं चोरता व्हय वो?"

"चोरत न्हाई, बाई. वास बघतोय," असा बशीरभाईंनी खुलासा केला. या खुलाशाने परिस्थिती सुधारली नाही.

बशीरभाई चोर नाहीत. गेवराईत त्यांचं चिक्कीचं दुकान आहे आणि त्याच्या वरच्या खोलीत आमच्या साप्ताहिकाचं कार्यालय. त्यामुळे त्यांच्याबद्दलची माझी बहुतेक माहिती जिन्यावरून मिळालेली आहे. गूळ कुणाकडून घ्यायचा हे ठरवताना ते गूळ सर्वांत शेवटी चाखतात. आधी गुऱ्हाळापाशी उभं राहून वारा कुठे वाहतो ते बघतात. मग त्या दिशेच्या पहिल्या घरी जाऊन वाळत घातलेले कपडे तपासतात. गुऱ्हाळात उसाची चिपाडं जळत असतील तर कपड्यांवर राख पडते, झटकली की जाते. जुने टायर जळत असतील तर चिकट काजळी बसते आणि रबराचा वास येतो.

"गुऱ्हाळवाला खोटं बोलंल, गूळ बी खोटं बोलंल," ते म्हणतात. "धुणं बोलत न्हाई."

या पद्धतीला कोणत्याही संस्थेची मान्यता नाही. तिच्यामुळे त्यांच्यामागे आजवर कुत्री, म्हशी आणि एक निवृत्त जमादार लागलेले आहेत.

शेंगदाणेवाला असो की पुड्यांचा कागद देणारा, प्रत्येकाची अशीच परीक्षा होते. एकदा शहरातून एक विक्रेता प्लास्टिकसारख्या दिसणाऱ्या पिशव्या घेऊन आला. त्या मातीत आपोआप विरघळतात, असा त्याचा दावा होता. बशीरभाईंनी त्याला चहा पाजला, एक पिशवी दुकानामागच्या कडुनिंबाखाली पुरली आणि सांगितलं, "पुढल्या दिवाळीला या. दोघं मिळून उकरू." विक्रेता खरोखरच आला. पिशवी निघाली ती जशीच्या तशी, वरच्या हिरव्या पानाच्या चित्रासकट.

"बघा," बशीरभाई म्हणाले, "पान सुदीक सुकलं न्हाई."

आमच्या साप्ताहिकाची रद्दीही त्यांनी नाकारली आहे. "तुमची शाई गुळाला लागती. लोकांनी चिक्की खायची का बातमी?"

तर, धोतर. आरडाओरडा ऐकून शेजारच्या गुऱ्हाळाचा मालक नामदेव धावत आला. बशीरभाई वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच गूळ घेत होते.

"सोडा त्याला," नामदेव म्हणाला. "येडं हाय, पण आपलं हाय."

या 'आपल्या' माणसाने ते धोतर नामदेवच्या नाकाखाली धरलं. "हुंग."

नामदेवने हुंगलं नाही.

"टायर कावून जाळला बे?"

"अवकाळीनं चिपाडं भिजली. ऊस तोडून पडलाय, दिवसागणिक वाळतोय. काय जाळू, मिशी?"

"मिशी जाळ. पन हा गूळ मला नगं."

बशीरभाई रिकामा टेंपो घेऊन परतले. संक्रांत तोंडावर होती. दुकानाचं वर्ष संक्रांतीच्या चिक्कीवर चालतं, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आसपास धुण्याच्या परीक्षेला उतरलेली आणखी दोन गुऱ्हाळं होती. दोन्ही मालकांनी गूळ द्यायची तयारी दाखवली. बशीरभाईंनी दोघांनाही नाही म्हटलं.

मी कारण विचारलं.

"गूळ काय, कुठंबी मिळंल," ते म्हणाले. "भांडायला नाम्या कुठं मिळंल?"

यानंतर मी थोडी चौकशी केली. बशीरभाईंचे दोन्ही मुलगे पुण्यात असतात. त्यांच्या पत्नी हाजराभाभी वारल्या, त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून नामदेव दर बाजारच्या दिवशी दुकानात येऊन बसतो. त्यांचा आवाज वर आमच्यापर्यंत येतो. पाऊस, बैल, चहातली साखर, कशावरूनही जुंपते. मी तो इतके दिवस व्यवहाराचा वाद समजत होतो. गूळ मात्र हंगामात एक-दोनदाच घेतला जातो.

त्या आठवड्यात बशीरभाईंचा टेंपो कापसाच्या शेतांतून फिरला. वेचणी संपली की शेतकरी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून बांधावरच पेटवून देतात. बशीरभाईंनी त्या मागून घेतल्या आणि टेंपो भरभरून नामदेवच्या गुऱ्हाळावर नेऊन टाकल्या. दुसरा गूळवाला त्यांना सापडला होता. त्यांनी दुसरं सरपण शोधलं.

ऐन संक्रांतीच्या दिवशी दुकान बंद होतं; चिक्कीला गूळच नव्हता. मी तलवाड्याला गेलो. उरलेला टायर गुऱ्हाळाबाहेर पडला होता आणि त्यावर कोंबडी बसली होती. नामदेव काहिलीतल्या उकळत्या रसावरची मळी काढत होता. खाली चुलवाणापाशी बशीरभाई बसून पऱ्हाट्या आत सारत होते. त्यांच्या भुवया थोड्या जळालेल्या होत्या.

"जाळ कमी कर बे, पाक करपंल," नामदेव वरून म्हणाला.

"तू मळी काढ. जाळाचं मला सांगू नगं."

"गुऱ्हाळ कुणाचं हाय?"

"सरपण कुणाचं हाय?"

मी तिथे चार वाजेपर्यंत होतो. तोवर गुळाची एकही ढेप तयार झाली नव्हती. मी निघालो तेव्हा भांडण सुरू होतं.