हाक खाली पडू नये

गिरजाकाकूंना कोणी हाक मारली की त्या 'ओ' देतात. यात सांगण्यासारखं काही नाही, सगळेच देतात. पण कोणी हाक मारली नाही, तरीही गिरजाकाकू 'ओ' देतात. मेथी निवडता निवडता मान वर करतात, जरा कान देतात आणि समोरच्या भिंतीकडे बघून अगदी मायेनं म्हणतात, "ओऽऽ, आली बाप्पा!" मग गुडघ्यावर हात टेकून उठतात, रिकाम्या अंगणात जाऊन उभ्या राहतात, इकडेतिकडे बघतात आणि परत येऊन मेथीला हात घालतात. समोर बसलेल्या माणसाचा चहा तोवर गार झालेला असतो. अंगावरचा काटा मात्र बराच वेळ बसत नाही.

हे मला आधी कळलं असतं तर मी त्यांच्या शेजारी खोली घेतलीच नसती. मी तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरच्या मराठी शाळेत शिकवते. नवरा मंचेरियलला खाणीच्या ऑफिसात कारकून आहे, तो शनिवारी उगवतो आणि रविवारी मावळतो. सुजाता, आमची मुलगी, चार वर्षांची. तिची अंगणवाडी दुपारी सुटते, माझी शाळा संध्याकाळी. मधल्या वेळात तिला ठेवायचं कुठे, या काळजीनं मी खोलीत सामान लावत होते, तेव्हा भिंतीपलीकडून एक उंच, हाडकुळी बाई आली, सुजाताला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "ठेवा माह्यापाशी, मॅडम. घरात हाय तरी कोण?"

मला वाटलं, मी जिंकले. पुढे हाच प्रश्न माझी झोप उडवायला लागला. घरात आहे तरी कोण?

आता आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं. गल्ली अर्धी मराठी, अर्धी तेलुगू. भांडणं दोन्ही भाषांत होतात, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. दिवेलागणीनंतर बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं, आणि तुम्ही ओ दिलीत की घरात शिरतं. समोरच्या भाग्यम्मानं तर आणखी बंदोबस्त म्हणून दारावर लाल रंगात तेलुगूत 'रेपु रा' लिहून ठेवलंय. म्हणजे, 'उद्या ये'. येणारं जे काही असेल ते वाचतं आणि परत जातं. दुसऱ्या दिवशी येतं, पुन्हा वाचतं. मी शिक्षिका असल्यामुळे भुतं साक्षर आहेत याचा मला आनंदच झाला. मराठी भुतांची सोय काय, एवढंच विचारायचं राहिलं.

आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी भुताखेतांचा निकाल माझ्या लहानपणीच लावून टाकला होता. त्यामुळे मी भीत नाही. फक्त संध्याकाळी सातनंतर अंगणातले कपडे काढायचे राहिले तर ते सकाळी काढते.

अशा गल्लीत गिरजाकाकू एकट्याच सगळ्या हाकांना ओ देतात, पहिलीला, आणि पहिलीच्याही आधीच्या हाकेला. गॅसच्या सिलिंडरवाल्याला दर दारात तीनदा ओरडावं लागतं. काकूंच्या दारात त्यानं तोंड उघडायच्या आत आतून 'ओ' येते. तो म्हणतो, "भीती वाटते मॅडम, मी मनात म्हणालो ते या बाईला कसं ऐकू गेलं?"

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे तर शिक्षाच. आमच्याकडचे तेलुगू भाजीवाले झाडून साऱ्या बायकांना 'अम्मा' म्हणतात. "अम्मा, वंकायलू!" अशी आरोळी आली की वांगी दिसण्याआधी काकू ओ देतात आणि वळतात. तिकडून दुसरा 'अम्मा' म्हणतो, त्याच्याकडे वळतात. वांगी घ्यायची नसतात, टोमॅटो घ्यायचे नसतात. मी वैतागून म्हणायची, "अहो काकू, ते तुम्हाला एकटीला नाही बोलवत!" त्या म्हणायच्या, "असंना का. हाक खाली पडू देऊ नये."

हे त्यांचं पालुपद. अंगणवाडीत सुजाताला सोडायला गेल्या की बाईंची हजेरी होईपर्यंत दारात उभ्या राहतात. एखादं मूल आलेलं नसलं आणि त्याच्या नावानंतर शांतता पसरली, की ती शांतता काकूंना सोसत नाही. मागून आवाज येतो, "ओ!" एका महिन्यात तर हजेरीपटावर सगळी मुलं रोज हजर होती.

मात्र काकू स्वतः कधी कोणाला हाक मारत नाहीत. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. भाजीची गाडी पुढे निघून गेली तर दुसऱ्या बायका दारातून ओरडतात. काकू चप्पल न घालता, आवाज न करता, गाडीच्या मागे चालत जातात आणि भाजीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवतात. एकदा संध्याकाळी त्यांनी असा हात ठेवला तेव्हा त्यानं फोडलेली किंकाळी हायवेपर्यंत ऐकू गेली असेल. सुजाता अंगणात खेळत असली तरी जेवायला हाक नाही. उठून जाणार, बोट धरून आणणार. त्यांचा मुलगा हैदराबादला असतो. त्याचा फोन वाजला की काकू चुलीपासूनच ओ देतात आणि मग फोन शोधायला लागतात. तो मिळेपर्यंत फोन बंद झालेला असतो. "मग तुम्ही लावा ना त्याला," मी म्हणायची. "नाई बाप्पा. कामात असंल तो," असं म्हणून फोन पदरानं पुसून परत फडताळात ठेवायच्या. मला वाटायचं, नंबर लावता येत नसेल.

सुजाताचं मात्र सोनं झालं होतं. ज्वारीच्या गरम भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तेल-तिखट, दुपारी काकूंच्या मांडीवर झोप, उठल्यावर बशीतून घोटभर चहा. मी चहाला मनाई केली होती, म्हणून दोघी मिळून मिशा पुसून ठेवायच्या. मी दमून दारात आले की सुजाता आत काहीतरी बडबडत असायची आणि तिच्या दर वाक्यामागे काकूंची ओ असायची. आई म्हणून मला थोडा हेवाही वाटायचा. माझ्या पोरीच्या हाकेला मी घरात "थांब गं" म्हणते.

भाग्यम्मानं मला दोनदा बजावलं, "लेकीला तिथं ठेवू नको. ती बाई कशाला पण ओ देते. एक दिवस ते घरात येईल." हे तिनं काकूंच्या तोंडावरही सांगितलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "भूत असंल तरी कोनाचं तरी लेकरूच असंल न, भाग्यम्मा. बाहेर उभं राहून हाक मारते, त्याले कोनी ओ देत नाई. कसं वाटत असंल त्याले?"

मग एक दिवस जेवता जेवता सुजातानं घास हातात धरून मान वर केली आणि दाराकडे बघून म्हणाली, "ओऽऽ, आली!"

"कोण गं?"

"मले काय मालूम? हाक खाली पडू देऊ नये."

दारात कोणी नव्हतं. मी नवऱ्याला फोन केला. तो विज्ञानाचा पदवीधर. म्हणाला, "भूतबित काही नसतं, प्रज्ञा. पण पोरीला दुसरीकडे ठेव."

तरी मी महिनाभर ढकललं. दुसरी सोय नव्हती, आणि सुजाता तिथे सुखात होती. तेवढ्यात कापूस आला. काकूंच्या दिराचं शेत नेरडीगोंड्याकडे आहे. भाव चढेपर्यंत तो कापूस काकूंच्या पुढच्या खोलीत भरून ठेवतो. खोली पार आढ्यापर्यंत पांढरी झाली. त्या घरात शिरलं की आपलाच आवाज आपल्याला कमी ऐकू यायचा. काकूंनी खोलीला कडी घातली, वर दोरी बांधली, आणि सुजाताला त्या दाराजवळ खेळायलाही बंदी केली. एवढ्या कडक मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी शाळेतून यायला उशीर झाला. घरात दिवा नव्हता. कापसाच्या खोलीचं दार उघडं होतं. काकू ढिगापुढे गुडघ्यावर बसल्या होत्या, उजवा हात खांद्यापर्यंत कापसात गेलेला, आणि त्या हलक्या आवाजात ढिगाला म्हणत होत्या, "ओ... ओ... आली." शेजारी सुजाता कान कापसाला लावून बसली होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मी दारातूनच विचारलं, "काकू, हे काय करताय?"

"पाहून राह्यली," त्या म्हणाल्या, "आत कोनी राह्यलं तं नाई न."

मी सुजाताला उचललं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपाईणबाईंना विचारून तिला त्यांच्या घरी ठेवायची सोय केली. काकूंना सांगितलं, तिथं तिला खेळायला जोडीची मुलं आहेत. काकूंनी सुजाताची चहाची बशी धुऊन, पुसून माझ्या हातात दिली.

त्यानंतर भिंतीपलीकडून ओ यायची थांबली. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. झालं उलटंच. सकाळी नाही, दुपारी नाही, सिलिंडरवाला आला तरी नाही; तो काकूंच्या दारात तीनदा ओरडून चकित होऊन निघून गेला. सुजाता घरात मला हाक मारायची, मी "थांब गं" म्हणायची, आणि ती भिंतीकडे बघत राहायची. इतके दिवस मी त्या 'ओ'ला भीत होते, आता ती नाही म्हणून भीत होते.

आणि मग एका दिवेलागणीला गल्लीत हाक आली.

"सुजाताऽऽ!"

एकदाच. पातळ, चिरका आवाज, हाक मारायची सवय नसलेला. या गल्लीतल्या प्रत्येकाचा आवाज मी ओळखते. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. समोर भाग्यम्मा पायरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. 'रेपु रा' गल्लीकडे बघत राहिलं. आणखी दोन कड्या लागल्याचे आवाज आले. मी वरणात पळी धरून उभी होते आणि, वडील मला माफ करोत, दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. ती येत नव्हती.

सुजाता मात्र उठलीसुद्धा. "ओऽऽ! आलीऽऽ!" म्हणून ती अनवाणी धावत बाहेर. मी पळीसकट तिच्या मागे.

काकू कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. सुजाता जाऊन त्यांच्या मांडीत पडली. काकूंनी तिला दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा ओला होता.

"पडलात का काकू? काय झालं?"

"काई नाई झालं. हाक मारून पाह्यली."

"आधी कधीच मारली नव्हती?"

"लहानपनी मारली होती एकडाव," त्या म्हणाल्या. "सुजाताएवढीच होती मी. अशाच कापसाच्या ढिगात खेळता खेळता आत गेली. कापूस आवाज खाऊन टाकते, मॅडम. 'माय' म्हून एक हाक निंगाली, मंग तोंडातच कापूस गेला. पन बाहेरचं मले सारं आइकू ये. माय भाकर थापून राह्यली होती. थाप थांबली. म्हंजे तिनं आइकलं. तं आजी म्हने, दिवेलागनीची येळ हाय, पयल्या हाकेले ओ देऊ नको. मंग थाप पुना सुरू झाली."

मी पळी खाली ठेवली.

"मग?"

"मंग आली न माय. राहवते का तिले? ते भाकर तशीच टाकून उठली, दोनी हातानं उपसून काढलं मले."

"म्हणजे आली ना!"

"आली. पन ओ नाई म्हनली." काकू सुजाताच्या केसांतून हात फिरवत होत्या. "पाय मांगून येतेच वो, मॅडम. पन ओ पयले पोचली पायजे. आतल्याले तेवढीच लागते. मी तवापासून कोनाले हाकच नाई मारली. पोराले बी नाई. भेव वाटे, न जानो, भाकरीची थाप पुना सुरू झाली तं?"

बाहेर कोणाची तरी कडी हळूच निघाली. भाग्यम्मा समोर आपल्या दारात येऊन उभी होती, सूप हातात तसंच. तिला आमची मराठी सगळी कळत नाही, पण ती परत आत गेली नाही.

सुजातानं मान वर केली. "काकू, अजून मार ना हाक."

"इथंच तं हायेस, माये."

"तरी मार."

काकू लाजल्या. मग त्यांनी अगदी हळू तिचं नाव घेतलं. सुजातानं त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं ओ दिली. काकू हसल्या, मग त्यांनी कापसाकडे, नंतर माझ्याकडे बघितलं, आणि जे त्यांना ठाऊकही नसेल असं मला वाटत होतं, ते माझं नाव त्यांच्या तोंडून आलं.

"प्रज्ञा."

मी समोरच, हातभर अंतरावर उभी होते.

"ओ," मी म्हटलं.