कालोमावशी नरकात जायचं ठरवते

नरक नेमका कुठे आहे याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. तिथे कोण जाणार याबद्दल मात्र सामान्य माणसाला कधीच शंका नसते.

टोंगामधल्या आमच्या गावात हे शास्त्र फार पुढे गेलेलं आहे. गावात तीन चर्च आहेत. एकाची पितळी घंटा आहे, दुसऱ्याचा लाकडी ढोल, आणि तिसऱ्याकडे (निधीअभावी) फणसाच्या झाडाला टांगलेला रिकामा गॅस सिलिंडर. तो हातोडीने वाजवला की बऱ्यापैकी पवित्र आवाज येतो. घंटेवाले, ढोलवाले, सिलिंडरवाले प्रत्येकी शंभर, आणि प्रत्येक चर्च उरलेल्या दोनशेंना दर रविवारी नरकात पाठवतं. म्हणजे तीनशे वस्तीच्या गावातून सहाशे माणसं नरकात जातात. एवढी कार्यक्षमता सरकारच्या कुठल्याही खात्यात आढळत नाही. (यात डुकरं धरलेली नाहीत. त्यांची भट्टी घरच्या घरीच असते.)

कालोलाईने हे तिचं पूर्ण नाव; गावाची ती कालोमावशी, जन्मापासून घंटेवाली. नवरा फेलेतीही तिथलाच; पण चर्चच्या गायनात त्याची खर्जातली ओळ दुसऱ्याला दिली, तेव्हा तो रागावून ढोलवाल्यांत गेला. (धर्मातले गहन वाद असेच सुरू होतात.) रविवारी दोघं अळूच्या पानात गुंडाळलेलं मांस अंगणातल्या खड्ड्याच्या भट्टीत पुरत, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटया बांधून सोबत निघत आणि फाट्यावर वेगळी होत. मग आपापल्या चर्चमध्ये एकमेकांविषयीची वाईट बातमी ऐकून घरी येत आणि एकत्र जेवत.

मग फेलेती वारला, आणि ती बातमी मावशीला पहिल्यांदाच लागली.

घंटेचे पाद्री मोसेसे हळहळले. "वाईट वाटतं हो मावशी, पण तुम्ही वर, तो खाली. माझ्या हातात काही नाही."

ढोलाच्या पाद्र्यांनी निरोप धाडला, की आमच्यात या, फेलेती वर वाट बघतोय. मावशी निघालीच होती. पण तिची आई आणि तान्हेपणी गेलेला लेक दोघंही घंटेवाले, आणि ढोलवाल्यांच्या मते घंटेवाले सरसकट खाली. (तान्ह्यांना काही सवलत आहे का, असं विचारल्यावर पाद्र्यांना खोकला आला.) नवरा धरावा तर लेक सुटतो, लेक धरावा तर नवरा. मावशीला अन्न जाईना.

अशा वेळी सिलिंडरचा तरुण पाद्री नाफेतालाई सांत्वनाला आला.

"मावशी, राग मानू नका, पण घंटेवाले काय नि ढोलवाले काय, सगळे नरकात."

"सगळे? फेलेतीसुद्धा?"

"हो."

"माझी आई? लेक?"

"शिकवण तशीच आहे," तो खाली बघत म्हणाला.

"एकाच ठिकाणी ना रे? वेगवेगळ्या वाड्या नाहीत ना?"

"नरक एकच असतो, मावशी."

मावशीचे डोळे भरून आले. "देव तुझं भलं करो! तुझंच खरं आहे बघ."

"मग येत्या रविवारी बाप्तिस्मा घ्या!"

"छे रे बाबा! मग मी वाचेन ना!"

अशा रीतीने सिलिंडरच्या शिकवणीवर गावात सर्वांत अढळ श्रद्धा असलेली बाई सिलिंडरच्या चर्चबाहेरच राहिली. पाद्री दारापर्यंत गेला आणि थांबला.

"माझी आईसुद्धा घंटेवालीच होती, मावशी."

"मग असेल की आमच्यात. काही निरोप असेल तर सांग."

तो परत येऊन बसला. निरोप बराच लांबला.

तेव्हापासून मावशी एक चटई विणते आहे. माणसं पुष्कळ असणार म्हणून ती रोज वाढवावी लागते. वाचकांनी हसू नये. तिन्ही पाद्र्यांचं कशावरच जमत नसलं, तरी तुमच्याविषयी, म्हणजे जे ना घंटेचे, ना ढोलाचे, ना सिलिंडरचे, त्यांच्याविषयी पूर्ण एकमत आहे. मावशीच्या कानावर हे घातलं, तेव्हा तिने हातातली पात खाली ठेवली नाही.

"येऊ देत की, जागा होईल," ती म्हणाली. "पण चटई एकच आहे हो. ती माणसं आपसांत एका चटईवर बसतात ना?"