हॉकीचा शनिवार आणि आमची हिरवळ

शेजारणीच्या टेबलावरचा कागद समोरच्या बाजूने उलटा वाचता येणं ही एक कला आहे, आणि ती मला येते. (डोरीन, म्हणजे माझी बायको, तिला दुसरं नाव देते. ते इथे लिहीत नाही.) त्या सप्टेंबरात मी शेजारच्या आर्डिसकडे बागेतले टोमॅटो द्यायला गेलो. ठेवून परत यायचं, तर कॉफीला हो म्हणून बसलो. सगळं त्या कॉफीपासून सुरू झालं.

आर्डिस आमच्या कॉलेजात मुलींच्या हॉकीचं वेळापत्रक लावते. बर्फावरची हॉकी. काम ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या गावात शनिवार फुटबॉलचा असतो, तोही अमेरिकन, चेंडू हातात घेऊन धावायचा, साडेतीन तास चालणारा. घरच्या मैदानावर सामना असला की हॉटेलं भरतात, रस्ते बंद होतात, बर्फाच्या हॉलपुढचं पटांगण देणगीदारांच्या गाड्यांना जातं. लोक लग्नंसुद्धा पुढे ढकलतात, तिथे हॉकीचं काय? मग मुलींना पाठवा बाहेरगावी, नाहीतर खेळवा गुरुवारी दुपारी, चार आया आणि एक पेंगणारा आजोबा यांच्यासमोर. अकरा वर्षं हेच चाललं होतं. यंदा आर्डिसने क्रीडा विभागाच्या हॉकन्सन साहेबांच्या मागे लागून लागून ऑक्टोबरातला एक फुटबॉलचा शनिवार मुलींसाठी मिळवला होता. साहेबांची अट एकच होती. गोंधळ झाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

कागदावर त्या शनिवारी वेळेच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. फुटबॉल किती वाजता हे कॉलेज ठरवत नाही, टीव्हीवाले ठरवतात, आणि जेमतेम बारा दिवस आधी सांगतात. आर्डिसला मात्र पाहुण्या संघाला आणि पंचांना त्याच्या आधी कळवायचं होतं.

"अकरा वाजता," मी म्हणालो.

"काय अकरा वाजता?"

"फुटबॉल. पक्कं आहे."

पक्कं म्हणजे काय, तर माझ्या न्हाव्याचा मेव्हणा टीव्हीवाल्यांच्या केबली ओढतो, आणि न्हावी असं काहीतरी म्हणाला होता. (कात्रीच्या आवाजात मला निम्मं ऐकू आलं. उरलेलं निम्मं मी स्वतः भरलं.) आर्डिसने खात्री आहे का म्हणून दोनदा विचारलं. मला खात्री नसली की माझा आवाज फार भरदार होतो. तिने हिशेब केला: अकराचा फुटबॉल अडीचला संपेल, साडेतीनपर्यंत पटांगण मोकळं. तिने हॉकी चारला लावली आणि सगळ्यांना कळवून टाकलं.

पुढच्याच्या पुढच्या सोमवारी टीव्हीवाल्यांनी वेळ जाहीर केली. दुपारी अडीच.

आर्डिस कुंपणापाशी आली. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात सांगत होती की पाहुण्या मुली त्याच संध्याकाळी परतणार, पंचांना दुसरीकडे जायचंय, वेळ आता हलत नाही. चारला दोन्ही संघ बर्फावर नसले तर सामना रद्द. "आणि पाहुण्यांची बस आत आणू कुठून, मर्ल? पटांगण भरलेलं, पुढचा रस्ता बंद. अकरा वर्षं घालवली रे मी यात."

 चूक माझी असली की मी लगेच काहीतरी कबूल करून बसतो. म्हणालो, आमच्या घरामागच्या हिरवळीवर. मागची गल्ली रहिवाशांसाठी उघडीच असते, आणि हिरवळीपासून हॉलचं मागचं दार चाळीस पावलं.

ते बारा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. डोरीनने भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याच्या हॉटडिशची दुसरी वाढ मी तीनदा नाकारली. तिने डॉक्टरला फोन करू का विचारलं. बसून राहवेना, म्हणून मी हिरवळीच्या मागे लागलो. बाहेरच्या कॉलेजची माणसं पहिल्यांदाच दारी येणार, हिरवळ कशी टवटवीत दिसायला हवी. शेवटचे दोन दिवस मी पाण्याची नळी चालूच ठेवली.

फुटबॉलच्या शनिवारी आमच्या हिरवळीवर बारा गाड्या लागतात. माणसंही बावीस वर्षं तीच, तिकीट नसलं तरी गाडीपाशी शेगडी पेटवून सामन्याचा दिवस घालवणारी. यंदा मी त्यांना नाही म्हटलं. त्यांनी गल्लीत शेगड्या मांडल्या आणि सॉसेज परतत माझ्याकडे रागाने बघत बसले.

तीनला बस आली. मी विमानतळावरच्या माणसासारखे दोन्ही हात हलवत तिला आत घेतलं. बस हिरवळीच्या मध्यावर आली, थांबली, आणि लठ्ठ माणूस जुन्या सोफ्यात बसावा तशी हळूहळू उजवीकडे खाली बसली.

मुली सुखरूप उतरल्या. पण त्यांचं सगळं सामान बसच्या पोटात, आणि पोटाचे दरवाजे चिखलात. सव्वातीन वाजले. आर्डिस हॉलच्या दारात उभी होती. तिने घड्याळाकडे बघितलं. साहेब काचेमागून बघत होते. पायाशी पडलेली पाण्याची नळी मी उचलून पाठीमागे लपवली.

"फळ्या आहेत का?" गल्लीतून आवाज आला. बावीस वर्षं आमच्याकडे गाडी लावणाऱ्यांपैकी एक, तोंडाला आमच्या संघाचा निळा रंग फासलेला. फळ्या होत्या. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायला मी तीन उन्हाळे खपून खोपटं बांधलं होतं, त्याची जमीन. एरवी मी तिला बूट लावू देत नाही. ती उखडून चाकाखाली घातली, निळ्या तोंडाच्या वीस जणांनी खांदे लावले, बस हातभर उठली आणि खोपट्याची जमीन कडाडली. तेवढ्यात दरवाजे उघडले. मग रांगेने हातोहात पिशव्या गेल्या. चारला दोन मिनिटं असताना शेवटची मुलगी बर्फावर उतरली, आणि मी आर्डिसच्या शेजारी हॉलच्या पायरीवर बसलो.

बसला खांदे लावलेली मंडळी थंडीने कुडकुडत हॉलात शिरली. त्यांच्याकडे फुटबॉलची तिकिटं नव्हतीच. हॉल पहिल्यांदा भरला. फक्त ज्यांच्या पिशव्या वाहिल्या त्याच आपल्या, असं समजून ते सगळा वेळ पाहुण्यांच्या नावाने ओरडत राहिले. आमच्या मुली एका गोलने हरल्या. पण साहेबांनी भरलेली बाकं मोजली, आर्डिसचा हात हातात घेतला आणि म्हणाले, दरवर्षी एक फुटबॉलचा शनिवार मुलींचा.

मी लाजून मान खाली घातली. कुणीतरी माझंही नाव घेईल म्हणून जरा थांबलोही.

नवं वेळापत्रक वसंतात आलं. आर्डिसने ते स्वतः आणून आमच्या फ्रिजवर लावलं. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारपुढे छापलं होतं: फुटबॉल, घरी. मुलींची हॉकी, घरी. आणि त्याखाली डोरीनच्या अक्षरात पेनने तिसरी ओळ: मर्ल, बाहेरगावी. डुलुथ, माझ्या बहिणीकडे. शुक्रवारी दुपारी निघणार. बदल होणार नाही.