टाचणीच्या चिठ्ठ्या

त्या दिवशी मी तोंड मिटून बसले असते तर पुढचं काही झालंच नसतं. पण तोंड मिटणं मला जमत नाही. ओठांत चार टाचण्या धरलेल्या असल्या तरी मी बोलू शकते. (तीस वर्षांचा सराव आहे.)

मी घरी कपडे दुरुस्त करते. पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन, शेजारी लांब दांडी, दांडीला गिऱ्हाइकांचे कपडे. प्रत्येक कपड्याला मी चिठ्ठी टाचते. 'कंबर दोन बोटं आत', 'बाही आखूड करणे', 'चेन नवी'. सकाळी चिठ्ठी लागली की संध्याकाळी कपडा नीट. हे माझी नात रोज बघते. ती तिसरीत आहे. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून घरात सगळे तिला टाचणीच म्हणतात. (बोलणं कोणावर गेलंय हे विचारू नका.)

तेव्हा सूनबाईने फोनवर मुलं वाढवायचा वर्ग लावला होता. तिथल्या बाईंनी सांगितलं म्हणून तिने फ्रिजवर तीन शब्द चिकटवले. करुणा, श्रद्धा, जोडलेपण. मी म्हटलं, "खाली 'फ्रिजचं दार नीट लावणे' एवढं लिही, म्हणजे काहीतरी उपयोग होईल." तिने ओठांवर बोट ठेवलं, कारण वर्ग सुरू झाला होता. 'मुलांचं ऐकून घ्या' हे ऐकण्यासाठी ती रोज तासभर पोरीला गप्प बसवायची.

गप्प बसवलेली पोरगी माझ्याकडे आली.

"आजी, बाबांना दुरुस्त कर ना."

"काय झालं त्याला?"

"ते सारखे फोनमध्ये असतात. मी बोलले की हं म्हणतात. मी काल म्हटलं, मी मेले. तर हं म्हणाले."

माझ्या हातात एक हट्टी बाही होती. मी म्हटलं, "माणसं मी नाही घेत दुरुस्तीला. ज्याने शिवलीत त्याला सांग."

"कोणी शिवलीत?"

"देवाने. आणखी कोण बसलाय रिकामा?"

"पण त्याला चिठ्ठी कशी पोचणार?"

"कपड्याला लाव. वाचेल. मी वाचते, त्याला काय धाड भरलीय?"

एवढंच बोलले. बाही उसवली आणि विसरून गेले.

दोन दिवसांनी आमचे हे केस कापून आले. दोन्ही कानांभोवती पार जमीन दिसत होती. मी विचारलं, हा काय अवतार? तर म्हणाले, न्हाव्यानेच असे कापले, वर म्हणाला घरून चिठ्ठी आली आहे. पाठ वळवली तर शर्टाला टाचलेलं होतं, 'आजोबा. कानाची काजं मोठी करणे.' (काज म्हणजे बटणाचं भोक. न्हाव्याने आपल्या परीने मोठी केली. ऐकू अजूनही येत नाही.)

त्याच संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला तो तोंड पाडून. दिवसभर सगळं ऑफिस त्याच्या पाठीमागे येऊन काहीतरी वाचून जात होतं. शेवटी साहेबांनी बोलावलं आणि चिठ्ठी काढून हातात दिली. 'बाबा. फोनचा हात आखूड करणे. दुसरा हात माझ्यापर्यंत येत नाही, चार बोटं लांब करणे.' त्याने फोन कपाटात ठेवला आणि पोरीबरोबर दोन दिवस चक्क बोलला. तिसऱ्या दिवशी फोन बाहेर आला. देवाची शिलाईसुद्धा धुतल्यावर उसवते.

मी मात्र खूश होते. दुसऱ्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचायला कोणाला आवडत नाही? सूनबाईला ऐकवलंसुद्धा, "तुझ्या वर्गाला महिना झाला. माझ्या चौथीच्या शिक्षणाने पोरीला एका वाक्यात श्रद्धा आली." (सूनबाईच्या पाठीवर तेव्हा 'आई. आवाज फोनवर असतो तसा घरात लावणे' असं होतं. मी सांगितलं नाही. मजा चार दिवस पुरवून खावी.)

बुधवारी सकाळी मी पोरीची वेणी घालत होते. ती आरशात बघून म्हणाली, "आजपासून मोठ्या बाई बदलणार."

माझा हात थांबला. मोठ्या बाई म्हणजे तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. कडक. त्या गल्लीतून गेल्या की भुंकणारी कुत्रीसुद्धा रांगेत बसतात. त्यांचा काळा कोट माझ्याकडे खांद्यात सैल करायला होता, आणि आदल्या संध्याकाळी मीच तो घडी घालून देऊन आले होते.

"कोटाला लावलीस?"

"आतून. पाठीला. बाहेरून लावली तर पडते."

"काय लिहिलंस?"

"ते सांगायचं नसतं. तू सांगतेस का, कोणाची कंबर किती आहे ते?"

(मी सांगते. पण पोरीला कशाला कळायला हवं.)

त्या दिवशी शाळेत तपासणीचे साहेब येणार होते, कोट त्यासाठीच होता. आणि तपासणी झाली की मोठ्या बाई गणवेशाच्या कागदावर सही करणार होत्या. तीन वर्षं शाळेचे गणवेश मी शिवतेय. ते काम गेलं तर माझं मशीन म्हणजे कुंडी ठेवायचं टेबल. चिठ्ठीत काय असेल हे मला सांगायला नको होतं. मोठ्या बाईंबद्दल मी घरात जे जे बोलते ते सगळं मशीनखाली बसून ऐकत ही पोरगी मोठी झाली. त्यातला सगळ्यात सभ्य शब्द 'इस्त्रीची फळी' हा आहे.

अर्धी वेणी तशीच सोडून पोरीला ओढत शाळेत गेले. अंगावर एप्रन, गळ्यात टेप, हातात कात्री. शिपाई म्हणाला, "आज पालकांना आत सोडायचं नाही."

"मी पालक नाही, शिंपीण आहे. बाजूला हो, नाहीतर तुझं माप घेईन."

सभागृहात साहेब आले होते. मोठ्या बाई शेजारी बसल्या होत्या, ताठ, खुर्चीच्या पाठीला पाठ न लावता. जरा मागे टेकल्या की दचकून पुन्हा सरळ. साहेब कौतुकाने सगळ्या मास्तरांना सांगत होते, "बसावं कसं ते यांच्याकडून शिका." त्या ताठपणामागे माझी दीड इंची टाचणी होती, हे तिथे मला एकटीला माहीत होतं.

मी कडेकडेने पुढे गेले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाई, कोट द्या. एक टाका राहिलाय."

"आत्ता?"

"आत्ताच. साहेबांसमोर बाही हातात आली तर मला बोलू नका."

त्या उठल्या. आम्ही शेजारच्या खडूच्या खोलीत गेलो. मी मागे जाऊन कोट ओढायला लागले, म्हणजे आधी आतली बाजू माझ्याकडे आली असती. पण बाईंना कोणी कोट काढून दिलेला चालत नाही. त्यांनी गर्रकन वळून तो स्वतःच काढला, उलटा केला, आणि टाचणीसकट चिठ्ठी त्यांच्याच हाताला लागली.

मी म्हटलं, "ती जुनी आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाची."

त्यांनी मोठ्याने वाचली. " 'मोठ्या बाई. बाहेरून नीट आहेत. डबा एकट्या खातात. आतून मऊ अस्तर लावणे.' "

खोलीत खडूचा धुरळा होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पुन्हा काढला. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. (तारीख लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.)

"हे कोणी लिहिलं?"

आता पोरीचं नाव सांगितलं असतं तर पोरगी अडकली असती. मी म्हटलं, "मी."

"तुम्ही?" मोठ्या बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी माझ्या परकराला तुमची चिठ्ठी चुकून राहिली होती. 'मागून फार पसरल्यात, कापड पुरणार नाही' असं होतं तिच्यावर. तुमची भाषा मी ओळखते."

मी जमिनीकडे बघितलं. जमीन फाटत नव्हती. माझ्यासाठी ती कधीच वेळेवर फाटत नाही.

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली, टाचणी माझ्या हातात दिली, कोट चढवला आणि तशाच ताठ बाहेर गेल्या. आता टोचत नव्हतं तरी टेकल्या नाहीत. म्हणजे तो ताठपणा माझ्या टाचणीचा नव्हताच.

काम गेलं असं धरून मी घरी येऊन मशीनवर कुंडी ठेवून बघितली. शोभत होती.

दुपारी टाचणी आली. दप्तर फेकलं आणि म्हणाली, "बाईंनी आज आमच्या वर्गात डबा खाल्ला. माझ्या बाकावर."

"मग? बदलल्या?"

"थोड्या. मला त्यांच्या डब्यातलं दिलं. मग सगळ्यांना ओरडल्या, आवाज करून खाऊ नका म्हणून. हा घे कागद, तुला दिलाय."

गणवेशाचा कागद होता. खाली सही, आणि सहीच्या वर बाईंच्या हाताने लिहिलेलं, 'या वर्षी प्रत्येक कॉलरला आतून मऊ अस्तर लावणे. मुलांच्या मानेला टोचतं.' चारशे गणवेश, चारशे कॉलर. दया त्यांना आली, टाके मला पडले.

तरीही मी कुंडी खाली ठेवली. आणि तेवढ्यात डोक्यात आलं. घरात सगळ्यांना चिठ्ठ्या लागल्या, शाळेपर्यंत लागल्या. मला? एप्रन उलटा केला. ब्लाउजची पाठ चाचपली. दारामागची शाल झटकली. कुठेच काही नाही. छाती फुगली की नाही माझी. म्हटलं, चला, या घरात एक तरी माणूस नीट शिवलेलं आहे.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "टाचणे, मला नाही का गं लावलीस चिठ्ठी?"

"सगळ्यात पहिली तुलाच लावली होती. एप्रनला आतून. 'ओरडणं सहा बोटं कमी करणे.' "

"मग कुठे गेली?"

"आठ दिवस ठेवली. काहीच झालं नाही. मग मी काढून घेतली." ती माझ्या पाठीवर रेलली आणि समजूत काढल्यासारखं म्हणाली, "तूच नाही का गिऱ्हाइकांना सांगतेस, काही कपड्यांना हात लावला की फाटतात, ते परत न्यायचे आणि आहेत तसेच वापरायचे. मी वापरतेय ना."