जिलबी आणि बालूशाहीची आंघोळ

आमच्या घरात आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय कुणाला चहा मिळत नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. सासरे उदगीरला असतात, पण नियम नांदेडला आमच्याकडेच मुक्कामाला आहे. त्यामुळे जिलबी आणि बालूशाहीला आंघोळ घालायचं मी ठरवलं, तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

या दोघी आमच्या कोंबड्या. माळेगावच्या जत्रेत माझ्या मुलीनं, रुद्राणीनं, हट्ट करून गुलाबी रंगवलेली दोन पिल्लं घेतली होती. रंग आठवड्यात उडाला, कोंबड्या राहिल्या. आमच्या सात पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावलेला नाही, तेव्हा कोंबडी सांभाळायची कशी हे घरात कुणाला ठाऊक असणार? (अंडी आम्ही शेजारच्या दगडोबांना देतो. त्यांचा आमच्यावर फार जीव आहे.)

रविवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला, दहापर्यंत पोचतो म्हणून. माझी बायको मंजुषा नाकाला पदर लावून परसात आली.

"लई वास येऊन राहिला. अप्पांना आला ना, तर कोंबड्या आजच धर्माबादला, तुमच्या दोस्ताच्या शेतावर."

"अगं, तो कोंबड्या पाळत न्हाई, खातो."

हे ऐकून रुद्राणीनं भोकाड पसरलं. "तुझ्या कोंबड्या कुठंबी जाणार न्हाईत," असा मी तिला शब्द देऊन टाकला. (शब्द द्यायला मला वेळ लागत नाही. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर पंधरा वर्षं तेच करतो आहे.)

बंब पेटवला. घमेल्यात कोमट पाणी घेतलं. मंजुषाचा केसगळतीवरचा महागडा शाम्पू घेतला. म्हटलं, पिसांनाही लागू पडेल. जिलबीला पाण्यात बसवताच तिनं असा गळा काढला की भिंतीवरून दगडोबा डोकावले.

"संगमेश्वरराव, कोंबडी? गरम पाण्यात?"

"हाव."

"तुमच्या घरी?" दगडोबांचा आवाज भरून आला. "सोलायला येऊ का? मसाला हाय माझ्याकडं."

"आंघोळ घालून राहिलो, दगडोबा!"

त्यांनी एकदा जिलबीकडे, एकदा शाम्पूच्या बाटलीकडे बघितलं आणि "बरं," म्हणून हळूच खाली उतरले.

जिलबी तीनदा निसटली, बालूशाही पाचदा. दर वेळी पुन्हा फेस, पुन्हा पाणी. शेवटी टाकी संपली, पिंप संपलं. अर्धा शाम्पू माझ्या डोळ्यांत गेला आणि बाकीचं जे काही होतं ते माझ्या बनियनवर आलं. मग मंजुषाच्या ड्रायरनं दोघींना वाळवलं. कापसासारख्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. रुद्राणीनं टाळ्या वाजवल्या. माझाही, खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

एवढ्यात दोघी सुसाट धावल्या आणि बंबाच्या जुन्या राखेच्या ढिगात जाऊन आडव्या झाल्या. पाय वर, पंख पसरलेले, गडाबडा लोळण. वर राखेचा ढग. त्या ढगातून, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले सासरे आत आले.

रुद्राणीनं माझा हात घट्ट धरला.

"अय्यो," सासरे म्हणाले, "भस्मस्नान चाललंय की!"

"अप्पा, मी आत्ताच त्यांना शाम्पूनं..."

"शाम्पू? जावईबापू, कोंबडी पाण्यानं न्हात नसते. राखेत, मातीत न्हाते. किडे मरतात, पिसं साफ होतात. आमच्या दुकानामागं शेजाऱ्याच्या पंचवीस होत्या, लहानपणापास्नं बघून राहिलोय." त्यांनी बालूशाहीला उचलून हुंगलं. "हिला कुठाय वास? वास त्या खुराड्याला हाय. कोण झाडतं ते?"

मंजुषानं माझ्याकडे बघितलं. रुद्राणीनं बघितलं. भिंतीवरून दगडोबांनीही बघितलं. खुराडं मी दर रविवारी झाडतो, म्हणजे गेले चार रविवार झाडणार होतो.

"कोंबड्या इथंच राहू दे," सासरे म्हणाले. रुद्राणी त्यांच्या गळ्यात पडली. सगळे आत गेले, मागोमाग जिलबी आणि बालूशाहीसुद्धा. मीही निघालो. चहाचा वास सुटला होता.

मंजुषानं दारातच अडवलं. "आंघोळ?"

"पाणी संपलं. नळ आता परवा येणार."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि परसाकडे बोट दाखवलं.

"राख हाय अजून थोडी."