पायलट कुठं जेवतात?

बबनतात्या हॉटेलची पाटी वाचत नाहीत. ते बाहेर उभे असलेले ट्रक वाचतात. नाशिक-पुणे रस्त्यावर भुकेनं तुमचा जीव चाललेला असू दे, तात्या गाडी हॉटेलपासून लांब थांबवायला लावणार, खाली उतरणार आणि जेवून बाहेर पडणाऱ्या ड्रायव्हरांची तोंडं न्याहाळत राहणार. ड्रायव्हर घाम पुसत आला तर आत जायचं. पोट धरून आला तर गाडी पुढं. "पाटी खोटं बोलंल, मालक खोटं बोलंल, ड्रायव्हरचं प्वाट न्हाई बोलायचं!" हा त्यांचा सिद्धान्त. संगमनेरहून मुंबईला टोमॅटोचा ट्रक नेण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांना अधिकार आहे.

मी त्यांचा शेजारी. तात्या पहिल्यांदा विमानात बसणार म्हटल्यावर सोबत म्हणून माझी वर्णी लागली. असला खेळ पुढच्या रांगेत बसून बघायला मिळणार, म्हणून मी मनातल्या मनात शिट्टी मारली.

निमित्त असं, की तात्यांचा एकुलता एक संदीप व्हिएतनामला नोकरी करतो. तिथल्याच लिन नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. दिवाळीत दोघं संगमनेरला येऊन गेली. आता तात्या व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला निघाले होते, आणि पार हबकले होते.

"माझं तोंड लई खरं हाय रे, दिल्या."

हे मात्र खरं. मागं श्रीगोंद्याला भाचीच्या साखरपुड्यात बासुंदी करपली होती. तात्या अवाक्षर बोलले नाहीत. नुसता एक घोट घेतला. पण त्यांचं तोंड बघून अख्खी पंगत थांबली आणि मुलाकडच्यांनी फेटे काढून ठेवले. ती सोयरीक सांधायला भाचीच्या बापाला दहा हेलपाटे पडले.

"व्याह्याच्या ताटावर तसं तोंड झालं तर पोरीला काय वाटंल? हितंच काहीतरी तसलं खाऊन बघू. तोंडाला वळन लागंल."

मुंबईच्या विमानतळावर तपासणी उरकून, पट्टा पुन्हा कमरेला आवळून आम्ही आत गेलो. समोर दुकानांची रांग. एक चायनीज, एक थाई, एक जपानी, आणि कोपऱ्यात नुसतंच 'एशियन'.

"एशियन म्हंजी?"

"आशिया खंडातलं, तात्या."

"मंग संगमनेर कुठल्या खंडात हाय?"

तात्या बेचैन. इथं ट्रक नव्हते, ड्रायव्हर नव्हते. एकाएकी त्यांचे डोळे चमकले. "पायलट! पायलट कुठं जेवत्यात?"

पांढऱ्या शर्टातला एक उंच पायलट बॅग ओढत चालला होता. तात्या त्याच्या मागं, तात्यांच्या मागं मी. पायलट स्वच्छतागृहात गेला. आम्ही बाहेर पहारा दिला. पायलट बाहेर आला, खुर्चीत बसला, आणि बॅगेतून त्यानं काय काढलं? स्टीलचा डबा! आत पोळी आणि फ्लॉवरची भाजी.

"घरनं डबा आनतो!" तात्या पांढरेफटक पडले. "हितल्या एकाही दुकानावर त्याचा भरवसा न्हाई. आन् आपुन त्याच्याच भरवशावर वर जायचं?"

तेवढ्यात आमच्या विमानाची सूचना झाली. "तात्या, बिस्कीट खाऊ आणि निघू."

पण तात्या सरळ कोपऱ्यातल्या दुकानापुढं जाऊन उभे राहिले. "पोरी, तुज्याकडं सगळ्यात अवघड काय हाय?"

काउंटरवरची मुलगी हसली. "अवघड म्हणजे, काका?"

"म्हंजी आमच्याकडच्या मानसाला जे उतरनार न्हाई ते."

तिनं दोन मोठे वाडगे पुढं ठेवले. पातळ रश्श्यात तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर कसलासा हिरवा पाला, आणि उग्र वासाचं मासळीचं पाणी. तात्यांनी घास घेतला.

"तोंड कसं दिसतंय?"

"देवळाबाहेर चप्पल चोरीला गेल्यासारखं."

दुसरा घास. "आता?"

"चप्पल सापडलीय, पण दुसऱ्याची."

असं करत करत त्यांनी वाडगा संपवला. कपाळावर घाम, पण तोंड एकदम शांत. मी पिशवी उचलली. "झालं, तात्या. पास झालात. चला, दार बंद होईल."

तात्या हलले नाहीत. "दुसऱ्यांदा घ्यायचं हाय."

"कशाला?"

ते रिकाम्या वाडग्याकडं बघत राहिले. "दिवाळीत मी शेंगोळी केल्ती. हुलग्याची, झनझनीत. लिनला पहिल्याच घासाला ठसका लागला, डोळ्यांतनं पानी. संद्या म्हनला, ऱ्हाऊ दे. पन पोरीनं ताट पुसून खाल्लं, आन् परत पुढं केलं." तात्यांनी चमचा खाली ठेवला. "तुजी काकी गेल्यापासनं माज्या घरात कुनी दुसऱ्यांदा मागितलं न्हवतं रे. माझं मलाच वाढायचं, माझं मीच उचलायचं. आता तिच्या आईच्या घरी मी एकदाच घेऊन उठलो, तर कसं दिसंल?"

लांबून पुन्हा सूचना ऐकू आली. माझा वाडगा तसाच भरलेला होता. मी तो त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी परत मागं ढकलला.

"असं न्हाई. आग्रह कर. बिगर आग्रहाचं दुसऱ्यांदा घ्यायची सवय न्हाई मला."

मी उभा राहिलो. डाव्या हातात वाडगा धरला, चमच्यानं शेवया उचलल्या आणि भर विमानतळावर, पंगतीत वाकतात तसा त्यांच्यापुढं वाकलो. "घ्या हो व्याही. एवढंच. विहीणबाईंनी स्वतः केलंय."

"नको नको, लई झालं," म्हणत तात्यांनी आपल्या वाडग्यावर आडवा हात धरला. आणि मग हात हळूच बाजूला घेतला.